तीनशे अठरा पिशव्या

९ जून

मिसेस रोझलिन टिबेट्स यांस,

इथल्या दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. गरोदर कैद्याला हवी असल्यास बाहेरच्या एका संस्थेकडून डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई, निवडता येते, असं त्यावर लिहिलंय. प्रसूतीआधी चार भेटी, प्रसूतीत सोबत आणि नंतर सहा महिने मदत. खाली तीन बायकांची नावं आहेत. एकीच्या नावापुढे 'सुगंधी तेलं आणि ध्यान' असं आहे. दुसरीने स्वतःबद्दल अकरा ओळी लिहिल्या आहेत. तुमच्या नावापुढे 'पूर्वी शाळेची बस चालवायचे' एवढंच आहे. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझं नाव मारेन सोल्बर्ग. वय सत्तावीस. अटकेआधी सहा वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचे. एकोणतिसावा आठवडा चालू आहे. पहिलंच मूल, मुलगी. डिसेंबरच्या अखेरीस मी दारू पिऊन गाडी चालवली आणि एका माणसाला उडवलं. तो जिवंत आहे, पण त्याचा उजवा पाय गेला. मी गरोदर आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुटका पुढच्या जूनमध्ये. हे एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

मूल जन्मल्यावर अठ्ठेचाळीस तास माझ्याजवळ राहील. मग माझी मोठी बहीण ग्रेटा तिला घेऊन जाईल. ती इथून १३८ मैलांवर राहते.

तुम्ही नक्की काय करता आणि काय करत नाही? इथल्या बायका तुमच्याबद्दल 'फार प्रेमळ आहे' एवढंच सांगतात. त्यावरून काही कळत नाही.

मारेन सोल्बर्ग

ता. क. तुमचं पत्र माझ्या हातात येणार नाही, त्याची छायाप्रत येईल. मूळ कागद टपाल खोलीत फाडून टाकतात. त्यामुळे आत वाळलेली फुलं वगैरे घालू नका.


१७ जून

पोरी मारेन,

फुलं घालणारच होते. बरं झालं वेळेवर सांगितलंस.

तर ऐक. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईण नाही. तपासत नाही, औषध देत नाही, तुझ्या वतीने कुणाशी भांडत नाही. भांडायची खुमखुमी भरपूर आहे, पण भांडले तर पुढच्या वेळी मला दारातच अडवतील. मग करते काय? बसते. कंबर चेपते. बर्फाचा खडा तोंडात देते. तू घाबरलीस की समोर तोंड करून म्हणते, माझ्याकडे बघ. खोलीत पहारेकरीण असणार, तिला बाहेर काढता येत नाही. पण तिच्याकडे पाठ करून कसं बसायचं ते मी दाखवीन. नंतर पंपाने दूध काढायला शिकवीन. तू काढायचं, तिथल्यांनी ते गोठवायचं, आणि दर दुसऱ्या गुरुवारी मी ते न्यायचं आणि बाळाच्या घरी पोचवायचं. अठ्ठावीस वर्षं बस चालवली आहे मी, तीही इथल्या हिवाळ्यात, मागे चाळीस कार्टी बोंबलत असताना. दुधाच्या पिशव्या निदान गप्प बसतात.

आता काय करत नाही ते. कळा चालू असताना मी आकडे सांगत नाही. किती सेंटिमीटर उघडलं, किती वाजले, अजून किती वेळ, काही नाही. घड्याळावर टॉवेल टाकते. आकडा कानावर पडला की बाई खचते. साठ-सत्तर बाळंतपणं बघून शिकलेय मी हे. तू प्रयोगशाळेतली, तुला हे पटणार नाही. पण आधी सांगितलेलं बरं.

तुझी,
रोझलिन


२४ जून

मिसेस टिबेट्स,

पटलं नाही. तरीही तुमचंच नाव अर्जात लिहिलं आहे, कारण न आवडणारी गोष्ट तुम्ही आधी सांगितलीत.

पहिली भेट ३ जुलैला, दुपारी एक वाजता. ओळखपत्र आणा. ब्राच्या तारेमुळे दारातलं यंत्र वाजतं, असं सांगायला सांगितलं आहे.

मारेन सोल्बर्ग


२७ ऑगस्ट

मिसेस टिबेट्स,

परत येऊन सहा दिवस झाले. टाके बरे आहेत. ताप नाही.

मी रुग्णालयातल्या फाइलची प्रत मागवली होती, ती आज मिळाली. १९ तारखेला सकाळी साडेनऊ वाजता चार सेंटिमीटर. दुपारी अडीच वाजता चारच. बाराच्या सुमारास तुम्ही मला म्हणालात, "झालंच आता पोरी, अगदी दारात आलीये ती." ती दारात आलेली नव्हती. पहारेकरणीने शब्दकोड्यातून मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तेव्हाच मला शंका आली होती. नेल जन्मली सहा वाजून दहा मिनिटांनी. वजन सात पौंड दोन औंस.

त्या खोट्याचा मला उपयोग झाला की नाही, हे मोजायचं काही साधन नाही. झाला असेलही. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण कळा संपल्या आहेत. यापुढे नेलबद्दल मला खरं तेच कळवा. वजन किती, किती प्यायली, काय बिघडलं. बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

मला ग्रेटाच्या हातात तिला द्यायला चार मिनिटं लागली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

इथून मी फक्त दूध देऊ शकते. सुटेन तेव्हा नेल दहा महिन्यांची असेल. ती मला ओळखणार नाही, हे मी धरून चालले आहे. पण तोवर रोज तिच्या पोटात माझं काहीतरी जात असेल, एवढं मला चालू ठेवायचं आहे. ते चालू आहे की नाही हे मला कळलं पाहिजे. कबूल असेल तर तसं लिहा.

पंप सकाळी सहा, अकरा, चार आणि नऊ वाजता. दवाखान्यामागच्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून. पिशवी १२० मिलिलीटरची. तारीख, वेळ आणि माप मी प्रत्येकीवर घालते.

मारेन


५ सप्टेंबर

पोरी,

कबूल.

काल ३८ पिशव्या नेल्या. त्यातली सकाळची एक अजून गोठलीही नव्हती. घरात पाऊल टाकलं तेव्हा नेल भुकेने लालबुंद झाली होती. मी तीच ताजी पिशवी कोमट पाण्यात धरली आणि बाटलीत ओतली. चार मिनिटांत फस्त. घड्याळ लावून बघितलं, खास तुझ्यासाठी. मग ढेकर असा दिला की डेल दुसऱ्या खोलीतून म्हणाला, "माफ करा, मी नव्हतो." तुझ्या बहिणीचा नवरा भला माणूस आहे, फक्त त्याला स्वतःचे विनोद फार आवडतात.

वजन सात पौंड चौदा औंस. डोळे तुझे. ग्रेटा म्हणते, हट्टही तुझाच.

रोझलिन


२० सप्टेंबर

पोरी मारेन,

परवा ५६ पिशव्या पोचवल्या. नेल गुटगुटीत होतेय, पायांवर वळ्या पडल्यात. रात्री दोनदाच उठते. पितेय ना, वासरासारखी पितेय. ग्रेटाने तिच्यासाठी पिवळी टोपी विणलीय. टोपी कसली, चहाच्या किटलीवरचं झाकण दिसतं, पण ग्रेटाला सांगू नकोस.

एक बारीकशी गोष्ट. पंपाचे भाग धुतल्यावर साध्या पाण्याने जास्तीचं एकदा खळबळून घेत जा. तिथला साबण जरा उग्र असतो. नर्सच्या कानावरही घातलंय मी. विशेष काही नाही, आपली सवय म्हणून सांगितलं.

रोझलिन


३ ऑक्टोबर

मिसेस टिबेट्स,

भाग मी तीनदा खळबळून घेते, आधीपासूनच. आता पाचदा घेईन. हे एकदम का निघालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

तुमच्या पत्रात वजनही नाही.

काल भांडी धुण्याच्या कामावरून मला पाच मिनिटं उशिरा सोडलं. त्यामुळे अकराची पिशवी ९५ मिलिलीटरच भरली. चारच्या वेळी भरपाई झाली. तसं लेबलवर लिहिलं आहे. ग्रेटाने गोंधळू नये.

मारेन


१७ ऑक्टोबर

पोरी,

वजन: अकरा पौंड चार औंस. डॉक्टरबाईंनी कागदावर फुली मारून दाखवली, तिच्या वयाच्या मुलींमध्ये अगदी वरच्या रांगेत आहे. आता हसते. गॅस होऊन हसते तसं नाही, माणूस बघून हसते. सगळं छान चाललंय.

धुण्याचं मी सहज म्हटलं होतं गं. त्याचा विचार करत बसू नकोस.

रोझलिन


२४ ऑक्टोबर

मिसेस टिबेट्स,

साठ दिवसांत चार पौंड दोन औंस. म्हणजे रोज एक औंसाहून थोडं जास्त. उत्तम आहे. मी देते त्याच्या वर तिला रोज साधारण २५० मिलिलीटर डब्यातलं दूध लागत असणार. ते ग्रेटा देतेच. म्हणजे दोन वाटे माझे, एक वाटा डब्याचा.

हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि दोनदा तपासला. इथे दुसरं काही तपासायला नसतं. आभारी आहे.

मारेन


१६ नोव्हेंबर

मारेन,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला ठाऊकच आहे. शाळेत माझे निबंध तूच लिहायचीस, तेही माझ्याहून पाच वर्षांनी लहान असून. पण रोझलिन मागे लागली की माझ्या हातचं एक तरी पत्र जाऊ दे. म्हणून बसलेय.

नेल बरी आहे. काल पहिल्यांदा पालथी पडली आणि स्वतःच दचकली. डेलचं नाक धरून ओढते. नाक मोठं आहे, धरायला सोपं. डेल सगळ्यांना सांगत सुटलाय की पोरगी त्याच्यावर गेलीय. मी म्हटलं, अरे बाबा, कशी जाईल?

यंदा त्याने शिकारीच्या पहिल्याच शनिवारी दोन हरणं मारली. तेव्हापासून गावात असा हिंडतोय, जसं काही अस्वलच मारलंय. मी म्हटलं, शिकारीबुवा, आता हे ठेवायचं कुठे? फ्रीजरमध्ये बोट घालायला जागा नाही. शेवटी सगळं मांस शेजारी वेंडेलकडे नेऊन ठेवलं. वेंडेल त्यातलं अर्धं खाणार, ते ठरलेलंच.

आई असती तर तिने नेलला खाली ठेवलंच नसतं. तू तब्येतीला जप. दुधाची काळजी करू नकोस, रोझलिन वेळेवर आणते.

ग्रेटा


२४ नोव्हेंबर

मिसेस टिबेट्स,

ग्रेटाचा फ्रीजर १४० लिटरचा आहे. मी तिच्याकडे चार वर्षं राहिले. दर नोव्हेंबरला मांसाच्या पुड्यांवर तारखा मीच घालायचे. दोन हरणांच्या मांसाला साधारण साठ लिटर जागा लागते. बाकीच्या जागेत मका, वाटाणे आणि ब्रेड. दरवर्षी बसतं. या वर्षी मांसाची एक पुडीही बसलेली नाही.

मी आजवर ३१८ पिशव्या दिल्या आहेत. मधल्या फटी धरून त्यांना साठ लिटरच्या आसपास जागा लागते. नेल त्या रोज पीत असती, तर तुम्ही आणल्या दिवशी फ्रीजरमध्ये फार तर ५६ पिशव्या असत्या आणि पुढच्या खेपेपर्यंत एकही उरली नसती.

मला तीन उत्तरं हवी आहेत. ती माझं दूध पिते का? नसेल, तर कधीपासून? आणि दुधाला साबणासारखा वास येतो का?

सप्टेंबरमध्ये तुम्ही धुण्याबद्दल लिहिलंत, तेव्हा मी कारण विचारलं होतं. उत्तर आलं नाही आणि मी तो प्रश्न सोडून दिला. सोडायला नको होता.

मारेन सोल्बर्ग


२९ नोव्हेंबर

मारेन,

नाही. सुरुवातीपासूनच. हो, साबणासारखा.

ती पहिल्या दिवशीची ताजी पिशवी तेवढी ती प्यायली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते खरं आहे. त्यानंतर गोठवलेलं दूध वितळवून दिलं की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायची, दुसऱ्याला थुंकायची. ग्रेटाने तेरा पिशव्या उघडून पाहिल्या आणि ११ सप्टेंबरला मला फोन केला. सगळ्यांना तोच वास. ३०४ पिशव्या फ्रीजरमध्ये आहेत. परवाच्या गुरुवारी मी नव्या न्यायला आले नाही. ग्रेटाला त्या फेकवत नाहीत. ती म्हणाली, "प्रत्येकीवर तिने वेळ लिहिलीये रोझलिन, मी कशी ओतू?"

मला वाटलं तिथला साबण राहतोय. म्हणून धुण्याचं लिहिलं. सरळ लिहिलं असतं की बाळ तुझं दूध थुंकतंय, वासामुळे, तर तुला वाटलं असतं की तुझ्याच हातून घाण जातेय. ग्रेटाही म्हणाली, सांगू नका, तिच्याकडे तेवढंच आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी खरं सांगितलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी पंप परत केला आणि मग कुणाशी बोललीच नाही. म्हणून ठरवलं, पुढच्या वेळेस बघू. मग त्याच्या पुढच्या. असे अकरा आठवडे झाले.

मी तुला लेखी कबूल केलं होतं. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

रोझलिन


५ डिसेंबर

मिसेस टिबेट्स,

साबण नव्हता.

दुधात लायपेज नावाचा एक घटक असतो. तो चरबी फोडतो. काही बायकांच्या दुधात तो जास्त असतो, काही गायींच्याही. ताज्या दुधाला काही वास नसतो. ठेवलं, गोठवलं, की हळूहळू साबणासारखा वास आणि कडवट चव येते. दूध खराब झालेलं नसतं, पोटाला अपाय नसतो. काही मुलं पितात, काही पीत नाहीत. मी काढल्याबरोबर पिशवी बंद करते, त्यामुळे मला तो वास कधीच आला नाही.

डेअरीत असं दूध आठवड्यातून एकदा तरी यायचं. नळीचं बूच काढलं की दहा सेकंदांत ओळखायचे. उपाय सोपा आहे. काढल्याबरोबर दूध भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवायचं, लगेच थंड करायचं, मग गोठवायचं. आधी गोठवलेलं मात्र सुधारत नाही.

तुम्ही ११ सप्टेंबरला मला कळवलं असतंत, तर १५ तारखेपर्यंत उपाय झाला असता. नेल तेव्हा चार आठवड्यांची नव्हती. मी हे रागाने लिहीत नाही, तारखांचा क्रम म्हणून लिहिते.

इथे आम्हाला काही तापवायची परवानगी नाही. नर्स तापवू शकते का, एवढं विचारा. मीही अर्ज दिला आहे. आणि ११ तारखेला याल तेव्हा त्या सकाळची ताजी पिशवी वेगळी न्या, घरी पोचताच नेलला द्या. काय होतं ते लिहा.

मारेन


१६ डिसेंबर

मारेन,

नर्स म्हणाली, कैद्यांचं दूध तापवणं तिच्या कामात बसत नाही. मी तुरुंगाच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईने नियम वाचून दाखवला: कैद्यांच्या आसपास उकळतं काही ठेवायचं नाही, कुणीतरी कुणाच्या तोंडावर फेकलं तर? मी म्हटलं, बाई, ती आपल्या पोरीचं दूध कुणाच्या तोंडावर फेकेल असं तुम्हाला वाटतं का? मी कुणाशी भांडत नाही असं तुला लिहिलं होतं, पण त्या दिवशी भांडले. तुझा अर्ज पुढे गेलाय. साठ दिवस लागतात.

ताजी पिशवी दिली. दोन घोट घेतले, मग तोंड फिरवलं. पुन्हा दिली, हाताने ढकलली. तिला आता डब्याच्या दुधाची चव लागलीय. ती गोड असते. ग्रेटाने डब्याचं दिल्यावर सगळं प्यायली.

तुला खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून जसं झालं तसं लिहिलं.

रोझलिन


१९ डिसेंबर

मिसेस टिबेट्स,

बाटलीतून डब्याची चव अपेक्षित असते, म्हणून बाटलीतलं नाकारलं असण्याची शक्यता आहे. अंगावर पाजलं तर वेगळं होऊ शकतं. खात्री नाही, पण शक्यता शून्य नाही. पहिले अठ्ठेचाळीस तास ती अंगावर अकरा वेळा प्यायली होती.

भेटीच्या खोलीत एक वर्षाच्या आतल्या मुलाला पाजायची परवानगी आहे. कोपऱ्यात खुर्ची आहे. मी १० जानेवारी, शनिवारची वेळ मागितली आहे. ग्रेटाला सांगा, रस्ता बर्फाने बंद नसेल तर नेलला घेऊन ये, आणि येताना तीन तास तिला काही देऊ नको.

तोवर मी पंप चालू ठेवते. दूध टिकलं पाहिजे. गोठवत नाही, मोरीत ओतते. तुम्ही २५ तारखेला येऊ नका, नेण्यासारखं काही नाही.

मारेन


११ जानेवारी

मिसेस टिबेट्स,

तुम्ही विचाराल, म्हणून लिहिते.

ग्रेटा दहा वाजून वीस मिनिटांनी आली. दारात नेलचा लंगोट काढून तपासतात, त्यामुळे ती आत आली तेव्हा आधीच रडवेली होती. ग्रेटाने तिला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "बघ नेल, ही कोण?" नेलने माझ्याकडे पाहिलं. मग ग्रेटाकडे पाहिलं. मग ओठ काढला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. तुम्ही शिकवलं होतं तसं खोलीकडे पाठ केली. तिला भूक होती. तोंड लावलं, एकदा ओढलं, सोडलं. पुन्हा लावलं, तर मान मागे टाकून रडायला लागली. मी दूध तिच्या ओठांवर टिपलं. तिने ते जिभेने बाहेर ढकललं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. उभं धरून पाहिलं. नऊ मिनिटं झाली. तिचा चेहरा ग्रेटाच्या आवाजाच्या दिशेने वळत होता. ग्रेटा चार पावलांवर उभी होती आणि हात पाठीमागे धरून ठेवले होते, पुढे जाऊ नयेत म्हणून.

शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी म्हणाली, "अगं, भुकेली आहे पोरगी, तिला काहीतरी द्या ना."

मग मीच ग्रेटाला बाटली काढायला सांगितली. ती म्हणाली, "मारेन, अजून पाच मिनिटं बघ ना." मी म्हटलं, "तिला भूक लागलीये." डब्याचं दूध मी पाजलं. १५० मिलिलीटर सगळं प्यायली. पिताना माझं बोट धरलं होतं, नजर ग्रेटावर होती. मग झोपली. बावीस मिनिटं माझ्याकडे होती, वेळ संपल्यावर ग्रेटाने उचलली. जागी झाली नाही.

जाताना ग्रेटा म्हणाली, "ती माझ्याकडे बघते, ती काय माझी चूक आहे?" मी म्हटलं, नाही. ती मोठ्याने रडली. मला ते जमलं नाही. भेटीनंतर दारात आमची पुन्हा झडती असते.

फ्रीजरमधल्या पिशव्या ओतून टाकायला ग्रेटाला सांगितलं आहे. वर लिहिलेलं वाचू नको, असंही सांगितलं.

दूध बंद कसं करायचं? तुम्ही ते शिकवलं नव्हतं.

मारेन


१८ जानेवारी

मारेन,

एकदम थांबवू नकोस, गाठी होतील. आधी अकराची वेळ सोड. पाच दिवस तीनदाच. मग चारची सोड, पाच दिवस. मग नऊची. शेवटची सहाची वेळ ठेव, पण पंप रोज दोन मिनिटांनी कमी कर. साधारण अठरा-वीस दिवस लागतील. छाती ताठेल, तेव्हा जड वाटणं जाईल एवढंच हाताने काढ, जास्त नाही. जास्त काढलंस की शरीराला वाटतं बाळ मागतंय, आणि ते अजून तयार करतं. घट्ट बांधू नकोस. थंड फडकं ठेव. बाहेर आम्ही कोबीची पानं ठेवतो, तिथे कोबी मिळतो तो उकडलेला, त्याचा उपयोग नाही. एका जागी लाल झालं, गरम लागलं, ताप आला, तर त्याच दिवशी नर्सला सांग, दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस.

दुखेल. सातव्या-आठव्या दिवशी जास्त. आणि मनही बसेल, ते नुसतं दुःखामुळे नाही, दूध आटताना शरीरातच तसं होतं. तीन-चार आठवड्यांनी शरीराचं तेवढं कमी होईल. बाकीच्याचं मला सांगता येत नाही.

सगळं बरं होईल असं लिहायला हात गेला होता. खोडलंय. छायाप्रतीत खोडलेलं दिसेल.

माझी चूक होती. तारखांचा तुझा क्रम बरोबर आहे.

तू कशी आहेस, ते लिही.

रोझलिन


२३ फेब्रुवारी

मिसेस टिबेट्स,

सहा महिने १९ तारखेला पूर्ण झाले. संस्थेच्या फॉर्मवर तुमच्या कामाबद्दल लिहायला जागा होती. मी लिहिलं की प्रसूतीत तुम्ही एकदाही खोलीबाहेर गेला नाहीत. ते खरं आहे. दुधाचंही लिहिलं, तारखांसह. तेही खरं आहे.

माझा अर्ज मंजूर झाला. कागदावर ९ फेब्रुवारी ही तारीख आहे. दवाखान्यात आता विजेची शेगडी, लहान पातेलं आणि थर्मामीटर ठेवणार आहेत. दूध नर्सने तापवायचं, कैद्याने हात लावायचा नाही. सध्या इथे बाळासाठी दूध काढणारी कुणी नाही. कितपत तापवायचं आणि किती मिनिटांत थंड करायचं हे नर्सला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मला लिहून मागितलं. मी एक पान लिहून दिलं. ते तिने पातेल्याच्या वर भिंतीला चिकटवलं आहे.

तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. एकोणीस दिवस लागले. आठव्या दिवशी ताप आला होता, त्याच दिवशी सांगितलं, गोळ्यांनी उतरला. नेलला दोन दात आले आहेत, असं ग्रेटाने कळवलं. पुढची भेट एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर. त्याआधी नेलला आणायला मीच ग्रेटाला नको म्हटलं.

मी कशी आहे असं तुम्ही विचारलं होतं. ऑगस्टपासून एक गोष्ट व्हायची, ती मी कुणाला सांगितली नव्हती. भेटीची खोली आमच्या जेवणाच्या खोलीला लागून आहे. तिकडे कुणाचंही मूल रडलं की माझा सदरा पुढून भिजायचा. कुणाचं आहे, किती मोठं आहे, काही फरक पडायचा नाही. मी ताट छातीशी धरून उभी राहायचे, म्हणजे दिसू नये.

काल दुपारी तिकडे एक मूल रडत होतं. आवाजावरून दोन-तीन महिन्यांचं असावं. बराच वेळ रडलं. मी ताट बाजूला घेऊन खाली पाहिलं.

सदरा कोरडा होता.

मारेन